मॅम्प्रोबीच्या आंटींना, आण्णांच्या लेकीकडून

आदरणीय आंटी,

तुम्हाला मराठी येत नाही. या पत्रातलं सगळं मी तुम्हाला फोनवर इंग्रजीत सांगेनच. तरी ते मराठीत आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं. गावाकडे अजून विचारतात, "आण्णांचं ते पुस्तक कुणी काढलं गं?" मी म्हणते, घानातल्या अक्रा शहरात, मॅम्प्रोबी वस्तीत छापखाना असलेल्या एका आंटींनी. पुढचं सांगायचं राहूनच जातं.

आण्णा गेले २९ जानेवारी २०२३ ला, रविवारी. आपल्याकडे सकाळचे नऊ, घानात पहाटेचे साडेतीन. माझा पासपोर्ट तेव्हा परवान्याच्या नूतनीकरणासाठी एका कार्यालयात अडकलेला होता. मी तिकिटाची, पासपोर्टची खटपट करतेय तोवर तिकडे दुपारी अग्नी देऊन झाला. मला शेवटचं तोंडही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयाला द्यायचे कागद काढायला मी तुमच्या दुकानात आले. तुम्ही कागद बाजूला ठेवले आणि विचारलंत, "कोण गेलं?" मी तर एक शब्द बोलले नव्हते.

"दुए, दुए," असं तुमच्याकडचं सांत्वन करत तुम्ही मला स्टुलावर बसवलंत. "मातीला कधी जाणार?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, झालं सगळं, चार तासांत. तुम्ही कपाळाला हात लावलात. तुमच्याकडे माणूस गेल्यावर त्याला निरोप द्यायला आठवडे लागतात, कधी महिने. आठव्या दिवशी माणसं जमतात, मग तारीख ठरते, पोस्टर लागतात, कापड ठरतं, आणि मग छापलं जातं ते चोपडं, ज्याला तुम्ही सगळे नुसतं ब्रोशर म्हणता. त्यात गेलेल्या माणसाचं सबंध आयुष्य असतं. बायकोनं लिहिलेलं, मुलांनी लिहिलेलं, नातवंडांनी लिहिलेलं. तुमच्या मशीनवर त्या दिवशी अशाच कुणा आजींची पानं निघत होती आणि दुकानात गरम शाईचा वास भरला होता.

"वय किती?" तुम्ही विचारलंत. एक्याऐंशी, मी म्हटलं. "मग पांढरं आणि काळं. लाल नाही. भरलं आयुष्य आहे." एवढं बोलून तुम्ही संगणकावर कोरं पान उघडलंत. पैशांची गोष्ट तेव्हा काढली नाहीत आणि नंतरही काढू दिली नाहीत.

मी तुम्हाला सांगितलं होतं की तीन ओळी पुरतील. आमच्याकडे पेपरात तेवढंच देतात: निधन, वय, पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. तुम्ही म्हणालात, या तीन ओळी कुणाच्याही बापाच्या असू शकतात. आणि प्रश्न विचारायला लागलात. काम काय करायचे? एसटीत कंडक्टर. त्याआधी? त्याआधी पैलवान. इथे तुमचे डोळे चमकले. तुम्ही बुकोमच्या. बुकोममध्ये कुस्तीचं नाव निघालं काय नि मुष्टियुद्धाचं काय, माणूस खुर्ची पुढे ओढतोच.

बुकोम मला तुम्हीच दाखवलंत. समुद्रालगतची ती दाट वस्ती, एकेका वाड्यात तीन तीन पिढ्या, दारात मासे तळणं चाललेलं, आणि गल्लीगल्लीत तालमी. तालमी म्हणजे काय तर भिंतीआडचं अंगण, वाळूनं भरलेली पिशवी आणि घाम. मला आमच्या गावची तालीम आठवली. तीच गर्दी, तोच वास. फक्त लाल मातीच्या हौद्याऐवजी सिमेंट. जुन्या काळी तिथल्या गा जमातीच्या लोकांत वस्ती-वस्तीतली पोरं एकमेकांशी मुठींनी लढायची आणि त्याला अख्ख्या मोहल्ल्याची इभ्रत जोडलेली असायची, हेही तुम्हीच सांगितलंत. या एवढ्याशा जागेनं जगज्जेते दिले. १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये क्लेमंट क्वार्टे यांनी रौप्य आणलं, ते घानाचं पहिलं ऑलिंपिक पदक. २०२१ मध्ये टोकियोत सॅम्युएल टाक्यीनं कांस्य मिळवलं तेव्हा तुम्ही दुकान बंद करून नाचलात, असं तुमच्या शेजारणीनं मला सांगितलं.

आण्णांची सगळी कुस्ती सांगितली, पण एक गोष्ट मी लपवली. तुम्ही ती काढून घेतलीतच. "ते हरले कधी?" असं तुम्ही सरळ विचारलंत. मी गप्प बसले. १९६७ च्या जत्रेत शेवटची कुस्ती आण्णांची होती. समोर मोठ्या नावाचा पैलवान. हलग्या वाजत होत्या, माणसं झाडांवर चढून बसली होती. चार मिनिटांत आण्णा चितपट. त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव पाडलं "चार मिनिटं". लग्नात, बाजारात, एसटीतसुद्धा. "ओ चार मिनिटं, एक तिकीट द्या." आण्णा तिकीट द्यायचे, बोलायचे नाहीत. आमच्या घरात १९६७ हे साल कुणी उच्चारत नसे.

तुम्ही मशीन थांबवलंत. भिंतीवर मुष्टियोद्धे अझुमा नेल्सन यांचं जुनं चित्र होतं, पिवळं पडलेलं, चारही कोपरे चिकटपट्टीनं धरलेले. त्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हा माणूस इथला, मॅम्प्रोबीचा. याच्या मोठेपणाची पहिली गोष्ट हरण्याची आहे." आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आज कुणालाही तोंडपाठ सांगू शकते. २१ जुलै १९८२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर मेक्सिकोचा जगज्जेता साल्वाडोर सांचेझ. ठरलेला प्रतिस्पर्धी आला नाही म्हणून ऐनवेळी अझुमांना उभं केलेलं. बाहेर त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. हा अनोळखी पोरगा पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. पंधराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. हरला. पण त्या रात्रीनंतर त्याचं नाव विसरणं कुणाला जमलं नाही. तीन आठवड्यांनी सांचेझ मोटार अपघातात गेला, अवघ्या तेविसाव्या वर्षी. ते सांगताना तुमचा आवाज खाली आला होता, जणू तोही तुमच्याच वाड्यातला. डिसेंबर १९८४ मध्ये अझुमांनी पोर्तो रिकोत जाऊन, विल्फ्रेडो गोमेझला त्याच्याच लोकांसमोर अकराव्या फेरीत झोपवून जगज्जेतेपद घेतलं. "आता सांग," तुम्ही म्हणालात, "मी ब्रोशर छापताना न्यूयॉर्क वगळलं तर पोर्तो रिको कुणाला कळणार?"

मी म्हटलं, आंटी, पण अझुमा पुढे जिंकले. आण्णांची पुन्हा तेवढी मोठी कुस्ती झालीच नाही.

तुम्ही चिडला नाहीत. बराच वेळ विचार केलात. मग घानाचा फुटबॉलपटू असामोआ ग्यान याचं नाव काढलंत. २ जुलै २०१०, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, उरुग्वेविरुद्ध. गोलात चाललेला चेंडू सुआरेझनं हातानं अडवला. शेवटच्या क्षणाची पेनल्टी, ती ग्याननं आडव्या खांबावर मारली. अख्खा आफ्रिका खंड रडला. घानाकडून सर्वांत जास्त गोल त्याचेच, तरी जगाला तो एवढ्याच एका फटक्यानं आठवतो. "पण पुढच्या काही मिनिटांत काय झालं ते कुणी सांगत नाही," तुम्ही म्हणालात. शूटआउट सुरू झालं तेव्हा घानाचा पहिला फटका मारायला तोच ग्यान पुढे आला. त्याच पायांनी. आणि त्यानं गोल केला. घाना हरलाच, ४-२. "तुझे वडील दुसऱ्या दिवशी तालमीत गेले होते का?"

गेले होते, आंटी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गेले होते, आणि त्यानंतर तीस वर्षं गावातल्या पोरांकडून जोर-बैठका काढून घेत होते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. १९६७ च्या शेजारी ठेवून मी ते कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या स्टुलावर बसून मी तेव्हा पहिल्यांदा रडले, आण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

नंतरचे चार दिवस तुम्ही माझ्याकडून एकेक पान लिहून घेतलंत. एसटीची नोकरी मी एका ओळीत उरकत होते, ती तुम्ही उरकू दिली नाहीत. तुमच्याकडच्या हायलाइफ नावाच्या नाच-संगीताचे राजे ई. टी. मेन्सा औषधांचे जाणकार होते, स्वतःचं औषधांचं दुकान चालवायचे आणि संध्याकाळी ट्रम्पेट घेऊन बाहेर पडायचे. १९५६ मध्ये अमेरिकेचा जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग अक्रात आला तेव्हा त्याच्यासोबत वाजवणारे तेच. दुकान वगळलं तर माणूस अर्धा राहतो, असं तुमचं म्हणणं. आण्णांची शेवटची पाच वर्षं अर्धांगवायूत गेली, तीही मला नको होती. फोटो तालमीतलाच हवा होता, फेटा बांधलेला. तेव्हा तुम्ही बाबा यारांबद्दल सांगितलंत. घानाच्या फुटबॉलमधला सगळ्यात देखणा विंगर, १९६३ च्या रस्ता अपघातात पाठीचा कणा गेला, १९६९ मध्ये वारले. मधली वर्षं खुर्चीत. कुमासीचं मोठं स्टेडियम आज त्यांच्या नावानं आहे. "ती वर्षंही त्यांचीच होती," एवढंच म्हणून तुम्ही माझ्या मोबाइलमधला आण्णांचा पलंगावरचा फोटो पान चारवर लावलात.

आणि त्या फोटोखाली दोन बोटं जागा कोरी सोडलीत. का म्हणून विचारलं तर म्हणालात, "कुणीतरी येईल."

मधेच एका दुपारी कामाला वेग यावा म्हणून तुम्ही डी. के. पॉयझन यांच्या बांगडा माशांची गोष्ट सांगितलीत. मुष्टियुद्धातले घानाचे पहिले व्यावसायिक जगज्जेते, १९७५ मध्ये अमेरिकेत रुबेन ऑलिव्हारेसला हरवून आलेले. देशात खायची टंचाई, तिजोरीत परकीय चलन नाही, म्हणून सरकारनं त्यांच्या कमाईतले ४५,००० डॉलर उसने घेऊन डबाबंद बांगडे मागवले. तुम्ही तेव्हा शाळकरी पोर, डब्यांच्या रांगेत उभ्या. लोक त्या माशांना डी. के. पॉयझनच म्हणायचे. स्वतःच्या अंगावर ठोसे खाऊन मिळवलेल्या पैशानं या माणसानं शेजाऱ्यांना जेवू घातलं, हे सांगताना तुम्ही हातातलं केंकी खाली ठेवलं होतं. कणसाच्या पानात उकडलेला तो मक्याचा आंबूस गोळा, तळलेला मासा आणि काळी तिखट शितो. त्या चार दिवसांत मला तुम्ही रोज तेच खाऊ घातलंत. सुतकात मासा खाल्ला म्हणून आई रागावली नाही. "त्या बाईनं दिलाय ना, मग खा," म्हणाली.

आठवड्यानं तुर्कस्तानात भूकंप झाला. घानाचा फुटबॉलपटू ख्रिश्चन आत्सू त्यात ढिगाऱ्याखाली अडकला. आदल्याच रात्री त्यानं ९७ व्या मिनिटाला गोल करून आपल्या क्लबला जिंकून दिलं होतं. पहिल्यांदा बातमी आली की तो जिवंत सापडला. तुम्ही रस्त्यावर येऊन ओरडून सांगितलंत. ती बातमी खोटी निघाली. १८ फेब्रुवारीला ढिगाऱ्यातून त्याला बाहेर काढलं. वय ३१. १७ मार्चला अक्रात सरकारी इतमामानं निरोप झाला तेव्हा मी तुमच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर तुमच्याबरोबर बसले होते. या वेळी कापड लाल-काळं होतं. तुम्ही मला त्याच्या गोलांबद्दल फार सांगितलं नाहीत. किरकोळ चोरीपायी तुरुंगात पडलेल्या, दंड भरायला पैसे नसलेल्या लोकांचे दंड भरून त्यांना तो सोडवायचा, आणि सेन्या बेराकूला अनाथ मुलांसाठी शाळा उभी राहावी म्हणून झटत होता, हे सांगितलंत. आडा फोआच्या किनाऱ्यावरच्या घरातला पोरगा. पडद्यावर शवपेटी आली तशी तुम्ही माझा हात धरलात. माझ्या बापाला निरोप द्यायचा राहिला होता. तो मी त्या दिवशी, एका परक्या पोराच्या पेटीकडे बघत, तुमच्या शेजारी बसून दिला. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगते.

वर्षश्राद्धाला मी गावी गेले. तुम्ही छापलेल्या पन्नास प्रती बॅगेत होत्या. तालमीत हौद्याच्या कडेला पोरं, म्हातारी माणसं, बायका बसल्या. आमच्याकडे असं जाहीर वाचन कुणी केलेलं नाही, त्यामुळे भाऊ घाबरला होता. मी तुमच्यासारखी उभी राहिले आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. १९६७ चं पान आलं तेव्हा माझा आवाज अडकला, पण वाचलं. चार मिनिटं हा शब्दही वाचला.

मागच्या रांगेतून काठी टेकत एक आजोबा उठले. म्हणाले, "त्या दिवशी हलगीवर मीच हुतो." आणि त्यांनी सांगितलं की आण्णांनी पहिल्याच मिनिटाला त्या मोठ्या पैलवानाचा पट काढून त्याला गुडघ्यावर आणला होता, तेव्हा मैदानभर शांतता झाली होती आणि त्यांची स्वतःची हलगी थांबली होती. शेवटी खांदा उखडला म्हणून आण्णा पडले. उखडलेल्या खांद्यानं त्यांनी समोरच्याला नमस्कार केला आणि चालत फडाबाहेर आले. आईला खांद्याचं माहीत होतं. आम्हा मुलांना कुणीच सांगितलं नव्हतं.

आंटी, पान चारवरच्या फोटोखाली ते बसवायचं आहे. साडेतीन ओळी होतात, मी मोजून लिहिल्या आहेत. तुम्ही फाइल ठेवली असेल तर आणखी पन्नास प्रती काढाल का? या वेळी पैसे घ्यावे लागतील. आणि आईनं तुमच्यासाठी सुक्या बांगड्यांची पुडी बांधून ठेवली आहे, ती मी स्वतः घेऊन येते आहे.

तुमचीच लेक