छाप्यात पोरी सापडतात, मालक मात्र नवीन बोर्ड लावतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी मंगळवार पेठेतली, बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करणारी बाई. सासूबाईंच्या हाताखाली शिकले, त्याला आता २१ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी आली, मसाज सेंटरच्या नावाखाली वेश्याव्यवसाय, तीन तरुणींची सुटका, आणि वर फोटो, तिघी ओढणीनं तोंड झाकून पोलिसांच्या गाडीकडं चालल्यात. एकीची ओढणी मरून रंगाची, काठाला आरशाचं काम. साहेब, ती ओढणी तिच्या आईनं ओळखली असणार, शेजारणीनं ओळखली असणार, आणि दुपारपर्यंत तो फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला असणार. तोंड झाकलं म्हणून ओळख लपत नाही.

हे मी सांगू शकते कारण हे आमच्या घरात झालंय. माझ्या नणंदेची पोरगी, वय २३, वडील नाहीत. तीन महिन्यांचा मसाजचा कोर्स केला आणि शहरातल्या एका सेंटरला कामाला लागली, पगार नऊ हजार आणि वर टीप. पहिला मजला, प्लायवूडच्या चार खोल्या, दाराला पडदा. काउंटरवर गिऱ्हाईकाकडनं मसाजचे दीड हजार घ्यायचे आणि आत काय एक्स्ट्रा ठरेल ते तुमचं तुम्ही बघा, फक्त त्यातलं निम्मं काउंटरला, असं मालकानं तिला आठव्या दिवशी सांगितलं. ती नाही म्हणाली तर म्हणाला, मग टॉवेल धू, पगार पाच हजार. आणि ती टॉवेल धूत राहिली, कारण घरात सांगायची लाज आणि दुसरं काम हातात नाही. दोन महिन्यांनी छापा पडला तेव्हा ती मागच्या बाजूला तेलाची बाटली गरम पाण्यात धरून उभी होती. बनावट गिऱ्हाईक पाठवलेलं, नोटांचे नंबर आधीच लिहून ठेवलेले, सगळं रीतसर. पण पंच दोन्ही पुरुष, आणि लेडी कॉन्स्टेबल एकच. पोलिस स्टेशनचं नाव मी घेत नाही, मला कुणाची तक्रार करायची नाही, मला नियम काय आहे ते बोलायचंय.

तो नियम मला आमच्या गल्लीतल्या वकील ताईंनी पुस्तक उघडून दाखवला. १९५६ चा कायदा आहे, अनैतिक व्यापार प्रतिबंधक, ज्याला पेपरात पिटा म्हणतात. त्याच्या कलम १५ मध्ये लिहिलंय की वॉरंटशिवाय झडती घेताना वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच पाहिजेत आणि त्यातली किमान एक बाई, झडतीला किमान दोन महिला पोलिस पाहिजेत, आणि सापडलेल्या बाईची चौकशी महिला पोलिसानंच करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या बाईसमोर. मी दोनदा वाचून घेतलं. माझ्या भाचीला तर त्या रात्री एक साहेब विचारत होता, किती दिवसांपासून करतेस. ती सांगत होती मी टॉवेल धुते, तो हसत होता.

आणि दुसरी गोष्ट, जी मला पण माहीत नव्हती आणि माझ्या मते शहरातल्या शंभरातल्या नव्वद माणसांना माहीत नसेल. आपण धरून चालतो की असलं काम करणारी बाई म्हणजे गुन्हेगार. तसं नाही. गुन्हा आहे अड्डा चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या असल्या कमाईवर जगणं (कलम ४), बाईला या धंद्यात आणणं (कलम ५), आणि मग देवळाजवळ, शाळेजवळ, हॉस्पिटलजवळ २०० मीटरच्या आत किंवा रस्त्यावर उघड गिऱ्हाईक बोलावणं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी सुधारगृहातल्या तीन सज्ञान मुलींना सोडायला सांगितलं तेव्हा हेच सांगितलं, की वेश्याव्यवसाय हा स्वतःच गुन्हा ठरवणारी तरतूद या कायद्यात नाही आणि सज्ञान बाईला आपलं काम निवडायचा हक्क आहे. मालक लोक मात्र उलटं बोलतात, आमच्याकडं पुढचं काही होत नाही, फक्त मसाज आणि थोडं एक्स्ट्रा, त्यामुळं आम्ही कायद्यात बसत नाही. पण कायद्यातली वेश्याव्यवसायाची व्याख्याच १९८६ ला बदललीय म्हणे, पूर्वी संभोगासाठी देह देणं असं होतं, आता धंद्यासाठी लैंगिक शोषण असं आहे. म्हणजे पळवाट वाटते तेवढी सोपी नाही, पण पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी ती बुजवायला पाहिजे ना.

आता मालकाचं काय झालं ते सांगते. भाची १८ दिवस सुधारगृहात राहिली. मॅजिस्ट्रेटची चौकशी पुरी होईपर्यंत तीन आठवड्यांपर्यंत ठेवता येतं, आणि नणंदेला घर कसलंय, मुलीला सांभाळू शकता का, याची तपासणी द्यावी लागली. नणंद घरोघरी पोळ्या लाटते, ती रोज सकाळी दोन घरं करून मग कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. मालक आठवड्यात जामिनावर बाहेर. आणि सव्वा महिन्यानं मी एका बाळंतिणीकडनं परत येताना बघते, तोच जिना, तेच निळं शटर, वर नवीन बोर्ड, फॅमिली वेलनेस, खाली फुलाचं चित्र. आत तोच माणूस काउंटरवर. जिन्यात उभी राहिले तर खालच्या पानपट्टीवाल्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, "काकू, त्यात काय नवीन नाही, भाडं वेळेवर येतंय, जागामालक कशाला विचारतोय?"

जागामालकाला पण याच कायद्यात विचारायची सोय आहे साहेब. माहीत असून जागा दिली तर कलम ३ मध्येच त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जागा देऊळ, शाळा, हॉस्पिटल असल्या ठिकाणापासून २०० मीटरच्या आत असली तर कलम १८ प्रमाणे मॅजिस्ट्रेट नोटीस काढून ती सात दिवसांत रिकामी करायला लावू शकतात, आणि पुढं वर्षभर त्यांच्या परवानगीशिवाय ती जागा भाड्यानं देता येत नाही, आत अल्पवयीन सापडली तर तीन वर्षं. सात दिवसांत! हे कलम आपल्या शहरात कधी लावलं असं माझ्या तरी वाचनात नाही, आणि मी रोज पेपर वाचते. वरनं शॉप ॲक्टमध्ये कामगार थोडे असले की नुसती ऑनलाइन सूचना पुरते, आत मसाज होतोय का आणखी काय, कोण बघायला येतंय. दिल्लीत यावर उपाय म्हणून बाईनं पुरुषाला आणि पुरुषानं बाईला मसाजच करायचा नाही असा नियम काढलेला, तिथल्या हायकोर्टानं २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. मला वाटतं ते बरोबर झालं. असल्या नियमानं प्रामाणिक माणसाचं काम जातं आणि अड्डेवाला दार बंद करून चालूच ठेवतो.

आमच्या कामाचं काय होतंय बघा. गॅलरीला मी पत्र्याचा छोटा बोर्ड लावलेला, मालिश करून मिळेल आणि खाली फोन नंबर. असली बातमी आली की चार दिवस फोन सुरू होतात, फुल बॉडी करता का, एक्स्ट्रा आहे का, रूमवर येता का. एकदा मुलानं फोन उचलला, तो दहावीत. शेवटी लाल रंगानं "फक्त बाळ व बाळंतीण" असं लिहून घेतलं. या गावात तालमीत पैलवानाला तेल लावून रगडतात, त्यात कुणाला काही वाईट दिसत नाही. आणि मी बाळाची टाळू भरते तर मला असले फोन.

राजीखुशीनं हे काम करणाऱ्या बाईला वाईट म्हणायला मी बसलेली नाही. पोटासाठी माणूस काय करतो ते मला कळतं. पण पगार कापून, उचल देऊन, फोटो काढून ठेवून जो पोरींना अडकवतो तो मोकळा राहू नये, आणि अल्पवयीन पोरगी असली तर कुणालाच दयामाया नको.

शेवटी तुमच्याकडं येते साहेब. १९ मे २०२२ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रेस कौन्सिलनं पेपरवाल्यांना आणि टीव्हीवाल्यांना सूचना काढाव्यात, छाप्यात, अटकेत, सुटकेत बाई आरोपी असो की पीडित, तिची ओळख उघड होईल असा फोटो छापायचा किंवा दाखवायचा नाही. त्याच आदेशात पोलिसांनी या बायांशी माणुसकीनं वागावं आणि निरोध हा पुरावा म्हणून धरू नये असंही आहे, आणि तुमच्या बातमीत जप्त मुद्देमालात निरोधची पाकिटं आहेतच. त्या पीठात न्या. भूषण गवई होते, तेच सरन्यायाधीश म्हणून १७ ऑगस्ट २०२५ ला आपल्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचच्या उद्घाटनाला आले, आणि तुम्ही त्याची पानंच्या पानं छापली. ती पानं मी जपून ठेवलीत.

माझी विनंती एवढीच, तो ओढणीचा फोटो तुमच्या वेबसाइटवर अजून आहे तो आज काढा. आणि दोन महिन्यांनी त्याच जागेवर एक वार्ताहर पाठवा, बोर्डावर नाव काय आहे, शॉप ॲक्ट कुणाच्या नावावर आहे, जागामालकाला नोटीस गेली का, एवढं विचारून पहिल्या बातमीएवढ्याच जागेत छापा. भाची आता माझ्याबरोबर कामाला येते. सकाळी सहाला निघतो दोघी, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, बाळं रडत नाहीत. पण पेपर आला की पहिलं ती आतलं पान उघडते आणि फोटो बघते.

आपली नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये)