स्टिकर आहे, जागा नाही

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी माझी कर्मकथा ऐक. सोमवारी दहाच्या परीक्षेला मी बारा मिनिटं उशिरा पोचलो. गेटमधून पावणेदहालाच आत शिरलो होतो. पुढची सत्तावीस मिनिटं आवारातल्या आवारात गेली. सरांनी विचारलं, "कुठे होतास?" म्हटलं, "सर, इथेच." वर्ग हसला.

वर्षाच्या सुरुवातीला रांगेत उभं राहून, लायसनची झेरॉक्स जोडून, पैसे भरून मी गाडीला कॉलेजचं पार्किंगचं स्टिकर लावून घेतलं. वाटलं, झालं काम. अरे, ते स्टिकर म्हणजे फक्त जागा शोधत फिरायचा परवाना! जागांपेक्षा स्टिकरं जास्त वाटतात, कारण सगळे काही एकाच वेळी येत नाहीत, असा ऑफिसचा हिशोब. दुपारी चारला बघितलंस तर तो पटेलही, क्रिकेट खेळता येईल एवढी जागा असते. पण दहाच्या तासाला सगळे दहालाच येणार ना?

तू म्हणशील, दुचाकी तर आहे, घुसव कुठल्याही फटीत. घुसते रे. निघत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या दोन्ही बाजूंना दोघं गाड्या साइड स्टँडवर लावून गेले. एकाचं हँडल माझ्या ब्रेकच्या लिव्हरखाली अडकलेलं, दुसऱ्याचा आरसा माझ्या आरशात. मागच्याने हँडल लॉक करून ठेवलेलं. मागचं चाक उचलून इंच इंच सरकवत होतो, तेवढ्यात पलीकडची स्कूटर कलंडली आणि तिच्यामागोमाग ओळीने चार गाड्या आडव्या. घामाघूम होऊन सगळ्या उभ्या केल्या. स्कूटरचा इंडिकेटर वायरला लोंबत होता. चिठ्ठी लिहून सीटच्या फटीत खोचावी असं मनात आलं. नाही लिहिली. हे फक्त तुला सांगतोय.

आणि हे सगळं चाललेलं असताना समोर स्टाफची रांग. छप्पर, सावली, साखळी, आणि निम्मी रिकामी. डोकं तिथे फिरतं. गंमत म्हणजे हे दुखणं जुनंच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ साली थट्टेने म्हटलं होतं की विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या एका सामाईक तक्रारीने एकत्र बांधलेले प्राध्यापक. बघ, तक्रारसुद्धा प्राध्यापकांची! आपण त्या हिशोबातही नाही. त्याच विद्यापीठाच्या बर्कलीतल्या आवारात म्हणे नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांना राखीव जागा असते. माझ्यापुढे आता तेवढाच राजमार्ग उरलाय.

डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी तर पार्किंगच्या अभ्यासात आयुष्य घातलं. त्यांचा आकडा साधारण ८५ टक्के भरलेल्या जागांचा: सातातली एक जागा रिकामी राहील असे पार्किंगचे दर ठेवा, म्हणजे घिरट्या थांबतात. दर वाढवायची कल्पना विद्यार्थी म्हणून मला मुळीच मानवत नाही, पण आकड्यामागचं गणित तुझ्या संख्याशास्त्रातलंच आहे. शंभरात वीस जागा रिकाम्या असतील तर सरासरी पाच जागा बघितल्यावर एक सापडते. पाचच रिकाम्या असतील तर वीस बघाव्या लागतात. म्हणून पावणेदहाला येणं आणि त्याच्या पाच मिनिटं आधी येणं, एवढ्यातच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मैदानामागे एक मोकळा पट्टा आहे. उन्हाचा, धुळीचा, कोणी फिरकत नाही. मंगळवारी घड्याळ लावून बघितलं: गाडी लावून वर्गाच्या दारात सहा मिनिटं. म्हणजे दारातली जागा मिळावी म्हणून मी रोज त्याच्या दुप्पट तरी वेळ गोल गोल फिरत होतो. माझ्यासारखेच इतर, एकमेकांच्या मागे, चावी हातात घेतलेला कोणी दिसला की त्याच्या पाठी पाठी.

आज सकाळी मात्र नशीब उघडलं, दारातच एक जागा रिकामी दिसली. वळवलीही गाडी. शेजारी तीच स्कूटर होती, इंडिकेटरला चिकटपट्टी गुंडाळलेली. मुकाट्याने मैदानामागे गेलो.

सुट्टीत येशील तेव्हा गाडी आणू नकोस. मी गेटवर चालत येतो.

तुझाच,
पार्किंगपीडित