मेगावॉट वेगळं, युनिट वेगळं आणि तात्यांची साडेसातची मोटर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझं तासगाव तालुक्यात जळक्या मोटरी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान आहे. आयटीआय झालंय, पत्रबित्र लिहायची सवय नाही, तेवढं सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कोयनेची बातमी आली होती, त्यात छापलंय की कोयनेतून दररोज 1960 मेगावॉट वीज तयार होते. साहेब हे म्हणजे 'माझी गाडी रोज ताशी साठ जाते' म्हटल्यासारखं झालं. ताशी साठ खरं, पण रोज किती किलोमीटर पळाली ते कुठं सांगितलं? मेगावॉट म्हणजे वीज तयार व्हायचा वेग, म्हणजे शक्ती. तयार झाली किती ते युनिटात सांगायचं, ती ऊर्जा; एक युनिट म्हणजे एक किलोवॉट (हजार वॉट) तासभर.

एवढ्याशा चुकीसाठी पत्र कशाला असं वाटेल, पण याच घोळावर माझं दुकान चालतं म्हणून लिहितोय.

परवाच एक तात्या 5 एचपीची मोटर घेऊन आले. उघडली तर आतनं जळक्या वार्निशचा वास, तीन फेजांपैकी (विजेच्या तीन तारांपैकी) एका फेजचं वाइंडिंग पार काळं कुळकुळीत. तात्या म्हणाले, "ही भरू नको, साडेसातची दे, पाणी बक्कळ येतंय आणि साडेसातपर्यंत बिल बी न्हाई." बिलाचं खरं आहे, 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज मोफत केलीय. पण मी विचारलं, तात्या विहिरीला पाझर किती? म्हणाले, आत्ता 3 तासात तळ लागतोय. मग साडेसातची बसवली तर 2 तासात लागेल, दुसरं काय होणार! 5 एचपी 3 तास काय आणि साडेसात एचपी 2 तास काय, गुणाकार 15 च येतो, 1 एचपी म्हणजे 746 वॉट धरलं तर दोन्हीकडं अकरा युनिटच्या थोडं वर. पाणी तेवढंच, चढवायची उंची तेवढीच, म्हणून काम तेवढंच. पाइप जुनाच अडीच इंची ठेवला तर उलट मोठ्या मोटरला घर्षणात जास्तच जाणार.

कामाचा हिशोब पोरीच्या नववीच्या पुस्तकात आहे, 'कार्य आणि ऊर्जा' म्हणून धडाच आहे. हजार लिटर पाणी 30 मीटर वर उचलायचं म्हणजे 2 लाख 94 हजार जूल कार्य. एका युनिटात 36 लाख जूल बसतात, म्हणजे एका युनिटात बारा हजार लिटर, तेही वाया काहीच गेलं नाही असं धरून (आमच्याकडचे पंप बघता निम्मंच धरा). आजोबांच्या काळात हेच पाणी बैल जोडून मोटेनं काढायचे, कार्य तेवढंच व्हायचं, फक्त दिवस मोडायचा. शक्ती म्हणतात ती एवढीच, तेच काम किती वेळात उरकलं.

आणि कार्य नसताना ऊर्जा कशी जाते तेही दुकानातच दिसतं. बेअरिंग जाम झालं किंवा इम्पेलरमध्ये (पंपाच्या पाणी फेकणाऱ्या चाकात) खडा अडकला की मोटर नुसती घुं घुं करते, फिरत नाही. वीज तर ओढतेच, चालू मोटरपेक्षा कितीतरी जास्त ओढते, पण पाण्याचा थेंब वर येत नाही म्हणजे कार्य शून्य, सगळ्याची उष्णता होते आणि थोड्याच वेळात वास सुटतो. तात्यांच्या मोटरचं वेगळं, त्यांचा एक फेज गेला होता.

फेज का गेला ते ऐका. गावात 63 केव्हीएचा डीपी (ट्रान्सफॉर्मर), त्याच्यावर 5 एचपीच्या दहा-बारा मोटरी बसतात. आता निम्म्यांनी साडेसातच्या केल्यात. वर प्रत्येकाचा स्टार्टर ऑटोवर, का तर रात्री लाईट आली की उठून रानात जायला नको. लाईट येते आणि सगळ्या मोटरी एकदम उठतात, उठताना मोटर पाच-सहा पट करंट घेते, व्होल्टेज बसतं, एखाद्या फेजची फ्यूज उडते आणि उरलेल्या दोन फेजवर मोटरी जळतात. डीपीला तुमची महिन्याची युनिटं कळत नाहीत हो, त्याला या क्षणाला किती किलोवॉट लोड आहे तेवढंच कळतं. दिवसाची युनिटं तीच ठेवून नुसत्या पाळ्या लावून मोटरी चालवल्या तरी निम्मे डीपी वाचतील. माझ्या पोटावर पाय येईल, ते बघू.

कोयनेचंही तात्यांच्या विहिरीसारखंच आहे. पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादानं दिलेलं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्यापुढं नाही. ते साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडतं, म्हणजे एका घनमीटरला फार तर सव्वा युनिट. या पाण्यावर चालणारे कोयना प्रकल्पाचे पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून 1600 मेगावॉट होतात, ते रात्रंदिवस पूर्ण लोडवर चालवले तर वर्षाचं पाणी दोन महिन्यांत संपेल! म्हणून तर कोयना संध्याकाळी लोड वाढला की जास्त चालवतात. नुसता मेगावॉटचा आकडा वाचून लोकांना वाटतं एवढी वीज आहे तर आमचीच का घालवतात, तेव्हा पुढच्या बातमीत तेवढं दिवसाचे युनिट किती ते पण छापा.

तात्यांची 5 ची मोटरच भरली आहे, वार्निश सुकतंय. ऑटो काढायला मात्र तयार नाहीत.

आपला,
एक मोटर वाइंडर, ता. तासगाव, जि. सांगली