मंत्रिमहोदय, अंदमानातला चितळ 'देशी' कसा?

माननीय केंद्रीय पर्यावरणमंत्री,
सविनय नमस्कार.

वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीत 'आक्रमक परकीय प्रजाती' आल्या, तेव्हा बेटांचं काही भलं होईल असं वाटलं होतं. मग व्याख्या वाचली. जी 'भारतातली मूळची नाही' तीच परकीय! म्हणजे मुख्य भूमीवरून आलेलं काहीही अंदमानात देशीच. मधे हजार-बाराशे किलोमीटर समुद्र असेना का.

चितळ इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडले. इथे ना वाघ, ना बिबट्या. ते पोहत पुढचं बेट गाठतात, कोवळी रोपं फस्त करतात. खालचा झाडोरा गेला की जमिनीवरचे सरडेही घटतात. आणि कायद्याचं संरक्षण कोणाला? चितळाला!

बुलफ्रॉगचं, म्हणजे मुख्य भूमीवरच्या मोठ्या बेडकाचं, तर विचारूच नका. तो आला मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून, रोहू-कटल्याच्या जिऱ्यात (म्हणजे बारीक पिल्लांत) भैकेर, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, मिसळून. जोरदार पहिल्या पावसात एक मादी हजारो अंडी घालते. भैकेरही मांसाहारी, डबक्यातले स्थानिक बेडकांचे भैकेर गिळून टाकतो. मोठेपणी सरडे, मासे, कोंबडीची पिल्लं. पिल्लं गरिबाघरची जातात, साहेब. बेडकाने गिळलं म्हणून भरपाई मागायला गेलं तर लोक हसतात.

उपाय स्वस्त आहे. पिशवी थेट तळ्यात सोडू नये. पसरट पांढऱ्या टबात बीज थोडं थोडं ओतावं. भैकेराचं डोकं-धड म्हणजे एकच गोळा, मागे शेपटी. माशासारखे जोडीचे पर नसतात. अगदी बारीक असला तर नजर चुकते, म्हणून बीज तीन-चार दिवस सिमेंटच्या हौदात ठेवून पुन्हा निवडावं. तळ्यातला हापा (जाळीचा पिंजरा) चालणार नाही, जाळीतून भैकेर निसटतो. पिशवीतलं पाणी नाल्यात नको, कोरड्या जमिनीवर ओतावं. मोठे बेडूक पकडायचे ते पहिल्या पावसाच्या रात्रीच, नर पिवळेधमक होऊन ओरडतात तेव्हा, अंडी पडण्याआधी. नंतर पकडून फोटो छान येतात, एवढंच. आणि पकडणाऱ्याच्या हातात लेखी परवानगी हवी.

पण सगळा देश एकाच रंगात रंगवलेला नकाशा बघणाऱ्यांना हे कोणी समजवावं? बंदर प्रकल्पासाठी ग्रेट निकोबार बेटाचं जंगल तोडायचं, बदल्यातली झाडं हरियाणात लावायची! तिथल्याच गलाथिया उपसागराचं अभयारण्य जानेवारी २०२१मध्ये रद्द केलंत. तिथल्या लेदरबॅक कासवांनी आता अंडी घालायला हरियाणात जायचं का? पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम करता येतं, मग कायद्यातल्या 'भारतातली' या शब्दाजवळ 'किंवा त्या बेटावरची' एवढं लिहायला शाई संपते?

अंदमानात मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो. व्याख्या राहू द्या, त्याआधी बंदरावर दोन हौद तरी बांधून द्या.

— एक बेटवासी