नीसला वाळू नाही : कौटुंबिक सहलीबद्दल तक्रार

ठाणे, दि. 9 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'चिल्ल्यापिल्ल्यांसह भूमध्य किनारा' या सहलीत झालेली दिशाभूल आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आमच्या घरची पाच माणसं, म्हणजे मी, माझे पती, सासूबाई (वय 68), थोरला मुलगा (वय 7) आणि धाकटी मुलगी (वय 4), 20 ते 26 मे या दिवसांत आपल्या कंपनीतर्फे फ्रान्समधल्या नीस शहरात जाऊन आलो. सहलीचे 6,85,000 रुपये आम्ही मार्चमध्येच चुकते केले होते. परत आल्यावर तुमच्या शाखेत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "मॅडम, फीडबॅक फॉर्म भरा ना" एवढंच उत्तर मिळालं. त्या फॉर्मवर पाच चांदण्या आहेत आणि खाली लिहायला दोन ओळी. मला सांगायचंय ते दोन ओळींत बसत नाही, म्हणून हे पत्र.

वाळूपासूनच सुरुवात करते. तुमच्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर सोनेरी वाळूत किल्ला करणारी दोन मुलं आहेत. खाली छापलंय, "नीसचा वाळूचा किनारा : उथळ पाणी, लहान मुलांसाठी अगदी सुरक्षित." त्या एका चित्रावर माझ्या मुलांनी अख्खा एप्रिल काढला. लाल बादली, दोन फावडी, चाळणी, माशाच्या आकाराचा साचा अशी खरेदी झाली. निघायच्या आदल्या रात्री बॅग वजनात बसेना, तेव्हा सासूबाईंनी मेतकुटाचा डबा बाहेर काढला आणि बादली आत ठेवली. त्यांना रोज सकाळी मऊ भात-मेतकूट लागतं, हे लक्षात घ्या.

पहिल्याच सकाळी आम्ही प्रोमनाद देझांग्ले या समुद्राकाठच्या रस्त्यावर गेलो. समुद्र मात्र वर्णन करावा तितका थोडा, निळ्याच्या किती छटा! थोरला कठड्यावरून वाकून खाली बघत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, वाळू कुठे ठेवलीये यांनी?"

नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. गोटे आहेत. राखाडी, गुळगुळीत, काही लिंबाएवढे तर काही माझ्या तळहाताएवढे. वार आणि पायों या नद्यांनी डोंगरांतून ते आणून टाकले आणि शहरासमोरचा सगळा किनारा तसाच आहे. हे काही गुपित नव्हे. नीसचा कुठलाही फोटो मोबाईलवर जरा मोठा करून पाहिला तरी कळतं. मग तुमच्या पानावरची ती सोनेरी वाळू कुठली, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

गोट्यांपेक्षा गंभीर गोष्ट पाण्याची. किनारा तिथे एकदम उतरता आहे. मी चार पावलं टाकली आणि पाणी कमरेच्या वर आलं, तेही मे महिन्यातलं गारठवणारं पाणी. लाट मागे फिरली की पायाखालचे गोटे खर्रर्र आवाज करत तिच्याबरोबर निघतात आणि उभं राहता येत नाही. धाकटी कडेलाच बसली होती. एक लाट आली, तशी ती बसल्या बसल्या खाली घसरायला लागली. तिच्या बाबांनी दंड धरून ओढली म्हणून गुडघा खरचटण्यावर भागलं. "उथळ" आणि "अगदी सुरक्षित" हे शब्द ज्याने कोणी लिहिले, त्याने ते टेबलाशी बसून लिहिलेत. नंतर तिने ती लाल बादली गोट्यांनी गच्च भरली आणि मग ती कुणालाच उचलेना.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढे कळली. खरीखुरी वाळू तिथून फार लांब नाहीच! समुद्रालगत धावणाऱ्या लोकल गाडीने विलफ्रांशला जायला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि स्टेशनाखालीच जाडसर वाळूचा किनारा आहे. उलट्या दिशेला अर्ध्या तासावर आंतीब. तिथे जुन्या तटबंदीला लागून ला ग्रावेत नावाचा छोटा, आडोशाचा किनारा आहे आणि त्याला मऊ वाळू आहे. हे आम्हाला शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजींनी सांगितलं, अर्धं फ्रेंचमध्ये, अर्धं हातवाऱ्यांनी. शुक्रवारी तुमचा "परफ्यूम फॅक्टरी आणि खरेदी" हा कार्यक्रम सोडून आम्ही आंतीबला गेलो. मुलं पाच तास हलली नाहीत. मुलांच्या नावाने सहल विकणाऱ्या माणसाला हे एक वाक्य आधी सांगता आलं नसतं का?

आता पहिल्या दिवसाचं. विमानतळावर नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा होता, पण गाडीत मुलांची आसनं नव्हती. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलाला गाडीत त्याच्या उंची-वजनाचं आसन लागतं. मुलांची वयं आम्ही तुमच्या फॉर्मवर दोन ठिकाणी लिहिली होती. ड्रायव्हरने आमच्या दोन्ही मुलांकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. त्याचं काही चुकलं नाही. तुमचा चोवीस तास चालू असलेला मदत क्रमांक चाळीस मिनिटं गाणं ऐकवत होता. शेवटी आम्ही ट्राम पकडली. दोन नंबरची ट्राम थेट विमानतळावरून सुटते, तिला पायऱ्या नाहीत, बाबागाडी सरळ आत जाते आणि गारिबाल्दी स्टेशनला उतरलं की जुनं शहर समोर. इतकी सोय असताना आमच्याकडून गाडीचे 9,500 रुपये का घेतले, हाही प्रश्नच आहे.

तुमच्या व्हाउचरवर "समुद्राजवळचं घर, लिफ्टसह" असं आहे. घर जुन्या शहरात होतं आणि समुद्राजवळ होतं, ते कबूल. गल्ल्याही देखण्या, वर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. सासूबाईंना गिरगावातलं माहेर आठवलं. पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. जिना असा अरुंद की बाबागाडी उभी धरून न्यावी लागे. 71 पायऱ्या. थोरल्याने रोज मोजल्या, म्हणून आकडा पक्का आहे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास आम्ही बुकिंगच्या वेळी सांगितला होता आणि तुमच्या प्रतिनिधीने "नो टेन्शन, लिफ्ट आहे" असं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. तो संदेश सोबत जोडला आहे. सासूबाई दिवसातून एकदाच खाली उतरायच्या आणि एकदाच वर यायच्या. दुपारी आडवं व्हायला वर यावं म्हटलं, तर तेही नाही.

शनिवार, 24 मे. हा दिवस आम्ही विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. कार्यक्रमात होतं, "मोनॅको : जगप्रसिद्ध समुद्र संग्रहालय, शार्क आणि कासवं, प्रवेश समाविष्ट." बिलात यासाठी 42,000 रुपये वेगळे दाखवले आहेत. सकाळी स्टेशनवर गेलो तर गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. लाल टोप्या घातलेले लोक, झेंडे, आरडाओरडा. मोनॅकोला उतरलो तेव्हा उलगडा झाला. ग्रां प्रीचा, म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा शनिवार-रविवार होता. शहरातल्या रस्त्यांवरूनच शर्यत होते, त्यामुळे जागोजागी कुंपणं आणि बंद वाटा. इंजिनांचा आवाज कड्यांवर आपटून परत येत होता. धाकटीने दोन्ही कान दाबून धरले आणि रडायला लागली. तिला कडेवर घेऊन, बाबागाडी ओढत, सासूबाईंचा हात धरून आम्ही विचारत विचारत त्या खडकावरच्या संग्रहालयापर्यंत चढलो. इमारत भव्य आहे, 1910 साली मोनॅकोचा प्रिन्स आल्बेर पहिला याने खुली केलेली, थेट समुद्राच्या कड्यावर उभी. दार बंद.

ग्रां प्रीच्या शनिवार-रविवारी ते संग्रहालय दरवर्षीच बंद असतं. शर्यतीच्या तारखा कितीतरी महिने आधी जाहीर होतात आणि ही सुट्टी संग्रहालयाच्या वेळापत्रकात लिहिलेली असते. आता माझा साधा हिशेब असा : ज्या दिवशी संग्रहालय उघडतच नाही, त्या दिवसाची तिकिटं ते विकणारही नाही. म्हणजे तुम्ही तिकिटं काढलीच नव्हती. आमच्या हातात होतं ते तुमच्याच कार्यालयात छापलेलं व्हाउचर. मग ते 42,000 रुपये गेले कुठे?

रविवारी पहाटे नीसमध्ये सुमारे 45,000 घरांची वीज गेली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ट्रान्सफॉर्मरला आग काही तुम्ही लावली नव्हती.

जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की सासूबाईंना अजून कसंतरी होतं. तुम्ही दिलेल्या "शाकाहारी स्थानिक पदार्थ" या यादीत पहिलं नाव पिसालादियेर आणि दुसरं सालाद निस्वाज. पिसालादियेर म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या कांद्याची जाड पोळी. दिसते झकास. कूर सालेयाच्या बाजारात सासूबाईंनी एक तुकडा उचललाही होता. थोरला म्हणाला, "आजी, त्या तपकिरी पट्ट्या काय आहेत गं?" त्या खारवलेल्या अँकोव्ही माशांच्या पट्ट्या होत्या. दुसऱ्या पदार्थातही अँकोव्ही किंवा ट्यूना असतोच. जन्मात अंडं न खाल्लेल्या बाईला तुम्ही लेखी यादी देऊन मासे खायला पाठवलंत.

आणि जे सांगायला हवं होतं, ते नाही सांगितलंत. त्याच बाजारात सोका मिळतो. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. मोठ्या गोल तव्यात लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत, आत मऊ, वरून मिरपूड, कागदात गुंडाळून हातात. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "हे तर धिरडं. नुसता ओवा विसरलेत." पुढचे दिवस आमचं भागलं ते सोक्यावर. मुलंही तेच खायची, कारण तिथली बरीच हॉटेलं दुपारी बंद होतात ती संध्याकाळी सातनंतरच उघडतात आणि माझ्या मुलांना साडेपाचला भूक लागते.

आणखी एक. "नीसचा किल्ला : आतून दर्शन, 2 तास." माझा मुलगा दर दिवाळीला इमारतीच्या आवारात किल्ला करणारा, त्याला या ओळीचं केवढं अप्रूप! नीसला किल्ला नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हुकमाने तो 1706 मध्ये पाडला. तो जिथे होता त्या टेकडीला नाव तेवढं उरलंय. तुमच्या माहितीपत्रकाला ही बातमी पोचायला तीनशे वर्षांहून जास्त वेळ लागतोय. टेकडी मात्र छान आहे, वर जायला लिफ्ट आहे (तिथे आहे!), धबधबा आहे, झोपाळे आहेत. रोज बाराच्या ठोक्याला तिथून तोफेचा बार होतो, त्याने धाकटी दचकली आणि मग रोज बाराची वाट बघायला लागली. शहराच्या मधोमध पायों बाग आहे, तिथे लाकडी देवमाशाच्या पोटात मुलं शिरतात आणि जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांत चिंब भिजतात, तेही फुकट. यातलं एक अक्षर तुमच्या कार्यक्रमात नाही. शहराबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे नमूद करते.

व्हिसाच्या पैशांचं घरी आल्यावर लक्षात आलं. शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या आतल्या मुलांना 45 युरो आणि सहा वर्षांखाली काहीच नाही. तुम्ही पाचही जणांचे 90 युरोप्रमाणे पैसे लावलेत. म्हणजे थोरल्याचे 45 आणि धाकटीचे 90, असे 135 युरो जास्त.

माझ्या मागण्या अशा आहेत : वरचे 135 युरो रुपयांत, मोनॅकोचे 42,000 रुपये, गाडीचे 9,500 रुपये, आणि लिफ्ट नसलेल्या घराच्या 1,62,000 रुपयांपैकी निम्मे. शिवाय माहितीपत्रकाचं दुसरं पान आणि शाकाहारी पदार्थांची यादी ताबडतोब दुरुस्त करावी, नाहीतर पुढच्या मे महिन्यात आणखी कुणाचं तरी पोर तिथे बादली घेऊन उभं असेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढच्या सहलीसाठी "दहा टक्के सवलतीचं कूपन" देऊ नये. ते फोनवर एकदा नाकारलेलं आहे.

आपली,
(सही)

सोबत : पावत्या, व्हाउचर, व्हॉट्सॲप संदेशाची प्रत, संग्रहालयाच्या बंद दाराचा फोटो, गोट्यांनी भरलेल्या लाल बादलीचा फोटो.