द्राक्षाच्या पानांची पिशवी

पंचवटी, नाशिक
१२ जानेवारी

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार. तू दिंडोरीच्या गाडीने पाठवलेली द्राक्षाच्या पानांची पिशवी शनिवारी मिळाली. पानं कोवळी होती, एकावर एक नीट रचलेली, वर ओलं फडकं. ती वहिनींनीच रचली असणार. रात्री फोनवर तू विचारलंस, "खाल्ली का रे त्याने?" आणि मी "बघतो, बघतो" म्हणून विषय बदलला. खरं सांगतो, कूर्माला, माझ्याकडच्या कासवाच्या पिल्लाला, मी त्यातलं एकही पान दिलं नाही. फोनवर हे बोलवेना, म्हणून लिहितोय.

पानाचा दोष काहीच नाही. द्राक्षवेलीचं पान कासवाला चांगलं मानवतं. पण ऑक्टोबर छाटणीपासून तुझ्या बागेवर डाऊनी, भुरी, थ्रिप्स या रोग-किडींसाठी किती फवारण्या झाल्या, ते तुझ्या वहीत तारखेनिशी आहे. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत मुरतं, नळाखाली धरून जात नाही, हे तूच मला शिकवलंस. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपने आपल्याकडची द्राक्षं अडवली, तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं ते मी पाहिलंय. आणि हे पिल्लू सगळं मिळून अडीचशे ग्रॅमचं आहे रे. त्याच्या पोटात तेवढासा अंशही मला जाऊ द्यायचा नाही. रागावू नकोस.

कायद्याचं तू विचारलं होतंस, तेही लिहून टाकतो. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. कूर्मा त्यातला नाही. तो आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिण कडेचा, सुलकाटा जातीचा. ताईच्या मुलाने परदेशी प्राण्यांच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केली होती. भाचा नोकरीसाठी बाहेर गेला आणि कूर्मा माझ्याकडे आला, तेव्हा त्या बदलाचीही नोंद केली.

डिसेंबरात तो आला त्या आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. बैठकीतल्या खिडकीशी प्लॅस्टिकच्या टबात त्याला ठेवलं. काचेतून ऊन येतंय, वर साठचा पिवळा बल्ब लावलाय, म्हणजे झालं असं मला वाटलं. समोर काकडी, टोमॅटो, पालक. तो काही खाईना. डोळे मिटून कोपऱ्यात बसायचा. मी पानं बदलत राहिलो, तोंडाशी नेत राहिलो. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "फरशीचं तापमान किती आहे?" घरी येऊन मोजलं तर पहाटेचं पंधरा अंश.

सुभाष, याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढी मिळेल तेवढीच. अंग गार असलं की पोटातला घास पचत नाही, तसाच पडून राहतो आणि सडतो. म्हणून डॉक्टरांनी बजावलं, आधी ऊब, मग अन्न. भरवायचा हट्ट करू नका. शिवाय ही जात थंडीत निजून राहणारी नाही. आपल्याला वाटतं कासव झोपलंय, आणि ते आतून खचत असतं.

तुला हे समजावायला नको. निफाडचा पारा उतरला की पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या करणारा आणि ठिबक सोडणारा तू. मी आता तेच एका पेटीत करतो.

जुनं प्लायवूडचं कपाट आडवं टाकून चार फूट बाय दोन फुटाची पेटी केली. एका टोकाला शंभरचा फ्लड बल्ब, त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा. फरशी तापते, तो तिच्यावर पोट टेकून बसतो. तिथे पस्तीस ते अडतीस अंश हवेत, दुसऱ्या टोकाला सव्वीसच्या आसपास, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. बल्ब किती उंच ठेवायचा ते वॉटवरून ठरत नाही. तापमापक फरशीवर ठेवून दिवा वरखाली करत बसावं लागतं, मला दोन दिवस लागले. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. आणि दिवा साखळीने टांगायचा. नुसत्या चिमट्यावर ठेवला आणि सुटून खालच्या भुशात पडला, तर घर पेटेल. रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटला जोडलेला. वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कडेला सरकवतो.

काचेतल्या उन्हाचं मात्र मला कधीच सुचलं नसतं. हाडं आणि कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम अंगी लागायला डी जीवनसत्त्व, आणि ते बनायला उन्हातले यूव्हीबी किरण. खिडकीची काच नेमके तेच अडवते! म्हणून यूव्हीबीची वेगळी ट्यूब आणली, दिवसाला बारा तास. तिचा उजेड दिसत राहतो, पण किरण कमी होत जातात, म्हणून बदलायची तारीख पेटीवर लिहून ठेवली आहे. अकराच्या सुमाराला त्याला गच्चीवर उघड्या उन्हात नेतो, शेजारी सावलीला कुंडी ठेवून. आई पाटावर बसून त्याच्याकडे बघत असते. संत म्हणतात कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, ते तिला आठवतं. खरी कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, हे मी तिला सांगितलं नाही. तिची नजर त्याच्यावर राहू दे.

रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवतो, हनुवटीपर्यंत. पेटीतला भुसा म्हणजे ओलसर कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा. वाळवंटाकडचा प्राणी म्हणून कोरडं ठेवायचं असं मी समजत होतो, पण तो तिथेही खोल बीळ खणून ओलाव्यात राहतो. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकांनी २००३ साली याच जातीच्या पिल्लांवर पाहिलं, की पाठीवर उंचवटे यायला प्रथिनांपेक्षा कोरडी हवाच जास्त कारण होते.

ऊब मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने जास्वंदीचं फूल खाल्लं. लाल पाकळी तोंडातून लोंबत होती आणि मान पुढे काढून तो ओढत होता. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

आता ताटात मुख्य म्हणजे हरळी. संकष्टीला आपण वाहतो त्याच दूर्वा, बारीक चिरून. जोडीला जास्वंदीची पानं, तुती. पालक बंद, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. फळं, टोमॅटो, पोळी, भात काही नाही. रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून कॅल्शियमसाठी समुद्रफेण आणलाय, तो किसून आठवड्यातून दोनदा वरून टाकतो.

तर मागणं असं आहे. तुझ्या विहिरीजवळच्या जुन्या तुतीपर्यंत फवाऱ्याचा वारा पोचत नाही ना, ते बघ. नसेल पोचत तर तिची पानं पाठव. आणि बांधावरच्या फड्या निवडुंगाच्या दोन कोवळ्या फड्या, काटे खरवडून. त्रिधारी नको, त्याचा चीक विषारी असतो. कुंपणाच्या कण्हेरीचं पान चुकून आत येऊ देऊ नकोस.

आणखी एक, घाई नाही. हा पुढे चाळीस किलोच्याही वर जातो आणि सत्तर वर्षं जगू शकतो. पाच-सात वर्षांत माझी गच्ची त्याला पुरणार नाही. विहिरीमागचा तो खडकाळ तुकडा, जिथे तू वेल लावलाच नाहीस, त्याला भिंत घालून ऊबदार खोपटं बांधलं तर? वहिनींशी बोलून बघ. खर्च सगळा माझा.

काका-काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काढणी संपली की एक दिवस ये.

तुझा,
विनायक