द्रौपदी ते वाक्य बोललीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पौराणिक कथांचा अभ्यास करणाऱ्यांनी काय वाचावं, काय बघावं याची यादी आली होती, त्याबद्दल लिहितेय. यादी भरगच्च होती, पण कादंबरी, टीव्ही मालिका, व्याख्यानं, भाषांतर असं सगळं एकाखाली एक टाकलेलं. मूळ ग्रंथाचं भाषांतर कुठलं आणि लेखकानं स्वतःच्या मनानं रचलेलं कुठलं ते एका शब्दानंही सांगितलेलं नाही, आणि नवीन माणसाचा घोळ होतो तो नेमका तिथंच.

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीत प्रश्नमंजुषा होती, माझी नववीतली भाची बसली होती. प्रश्न आला, मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी काय म्हणाली? भाची म्हणाली, "काहीच नाही." सगळे हसले, मार्क शून्य, आणि माइकवरून उत्तर वाचून दाखवलं, 'आंधळ्याचा मुलगा आंधळा'. पोरगी घरी येईपर्यंत गप्प होती, मग दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "मावशी, पण मी आत्ताच वाचलंय गं ते, द्रौपदी तिथं नाहीचे."

तिचं बरोबर होतं. तरी खात्री करावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत गेले आणि भांडारकर संस्थेनं जुन्या पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतला सभापर्वाचा खंड काढला. पुण्यात १९१९ ला हे काम सुरू झालं, ते संपायला १९६६ उजाडलं, देशभरातली १२५९ हस्तलिखितं ताडून बघितली होती. पान उघडलं की वर मोजके श्लोक आणि खाली बारीक अक्षरात पाठभेदच पाठभेद, म्हणजे कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे ते सगळं. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीसुद्धा बायकांबरोबर हसली असं नंतर दुर्योधनच बापाला सांगतो, पण ते आंधळ्याचं वाक्य कुठंच नाही. आपल्या डोक्यात ते पक्कं बसलंय टीव्हीवरच्या महाभारतामुळे.

एका वाक्यानं काय होतं म्हणाल, तर त्या एका वाक्यावर अख्खी बाई उभी केली जाते हो. तिनंच डिवचलं म्हणून पुढचं वस्त्रहरण झालं, असं मी शिकल्यासवरल्या लोकांकडून, लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये कितीदा ऐकलंय. जे ती बोललीच नाही त्याची शिक्षा तिला अजून चालू आहे, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

कर्णाचंही तसंच, फक्त उलट्या बाजूनं. शिवाजी सावंतांची कर्णावरची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, आमची पिढी ती वाचून रडलीय आणि मी आजही ती कुणालाही वाचायला देईन, पण कादंबरी म्हणूनच देईन. कारण सभापर्वात द्रौपदीला भर सभेत बंधकी, म्हणजे कुलटा, म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, हे आधी माहीत असलं तर कादंबरीकारानं काय घेतलं आणि काय बाजूला ठेवलं ते कळतं, नाहीतर कादंबरीतला कर्ण हाच महाभारतातला कर्ण होऊन बसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी मूळ ग्रंथाचं एक भाषांतर धरा, कंटाळा आला तरी एखादं पर्व पूर्ण करा, नावांचा गोंधळ झाला तर चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश जवळ असू द्या. मग इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतातल्या व्यक्तींवरचं 'युगान्त' घ्या, त्यांनी चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून लिहिलंय. कादंबऱ्या त्याच्यानंतर.

मालिका बघू नका असं मी मुळीच म्हणत नाहीये. १९८७ चं रामायण आणि १९८८ चं महाभारत आम्ही शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीनं बसून बघितलंय. आणि जे वाल्मीकींकडे नाही ते टाकाऊ असंही नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींकडे नाही, शबरीची उष्टी बोरंही नाहीत, पण एकनाथांचं भावार्थ रामायण, श्रीधरांचा पांडवप्रताप, जात्यावर सीतेचा वनवास गाणाऱ्या बायकांच्या ओव्या हा सगळा आपलाच ठेवा आहे. बघायचंच तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर मंडळींची चित्रकथी बघा, एकेक चित्र पुढं धरून गोष्ट गातात, किंवा कोकणातल्या एखाद्या जत्रेत रात्रभर दशावतार बघा. तुमच्या यादीत यातलं एकही नव्हतं. फक्त ही गोष्ट कुणी सांगितलेली, कधीची, हे प्रत्येक वेळी विचारायचं.

पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढं भाषांतर, कादंबरी, मालिका, लोककला असा एकेक शब्द टाका, जागा फार जाणार नाही. भाचीनं तिच्या वहीत तसे रकाने आखलेत, सध्या वनपर्वात आहे आणि नलदमयंती तिला इतकी आवडलीय की रोज संध्याकाळी फोन करून पुढचं मला सांगते.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज